गर्द, सुई आणि सवयीचा इतिहास

गारखेड्यातील आमच्या वर्गात अनिल अवचट यांच्या ‘गर्द’विषयी बोलताना ‘गर्दुल्ला’ हा शब्द आला की हमखास हशा पिकतो. शब्दाने एकदा माणूस हास्यास्पद ठरविला, की त्याचा इतिहास शोधण्याची गरज कुणाला भासत नाही. हा इतिहास मात्र पाहण्याजोगा आहे.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने अवचट दांपत्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासण्यांतून भारतातील एचआयव्हीची पहिली नोंद झाली. या दोन घटनांचा संबंध तेव्हा सहज लक्षात येण्यासारखा नव्हता. मुंबई-पुण्यात गर्द मुख्यतः चांदीच्या कागदावर तापवून ओढला जाई, आणि धुरातून हा विषाणू पसरत नाही.

पुढे सवय बदलली. नव्वदच्या दशकात मुंबईत ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक शिरेतून टोचून घेणारे वाढले. सुई एक आणि हात अनेक, असे झाले की विषाणूला वाट मिळते. मणिपुरात १९८९-९० मध्ये अल्पावधीतच टोचून घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना लागण झाल्याचे आढळले. एडिंबरोमध्येही ऐंशीच्या दशकात हेच घडले. तेथे पोलिसी धाकामुळे व विक्रेत्यांच्या नकारामुळे सुया दुर्मीळ झाल्या होत्या. उलट ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली व्यसनी माणसांच्याच संघटनेच्या पुढाकाराने सुया बदलून देणे सुरू झाले. दोष केवळ सवयीचा नव्हता, सुईच्या टंचाईचाही होता.

मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या ‘संकल्प’ या संस्थेने निर्जंतुक सुया पुरविण्याचे काम हाती घेतले. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात पर्यायी औषधोपचारही आला. जे ब्युप्रेनॉर्फिन शिरेत टोचले जाई, त्याचीच गोळी आता देखरेखीखाली जिभेखाली ठेवावयास दिली जाते. निर्जंतुक सुया देणे हा गुन्हा नव्हे, हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने स्पष्ट केले.

तरीही राष्ट्रीय पाहणीत या गटातील लागणीचे प्रमाण २०१७ मध्ये ६.२६ टक्के, तर २०२१ मध्ये ९.०३ टक्के आढळले. साधन हाती असेल तर व्यसनी माणूसही स्वतःला जपतो, हे या इतिहासातून दिसते. ‘गर्दुल्ला’ या शब्दात त्या जपण्याला जागा नाही. वर्गातला हशा ओसरल्यावर आम्ही एवढेच सांगतो.