काबो राजप्रासाद (गोवा)

काबो राजप्रासाद हे गोव्यातील दोना पावला येथील ऐतिहासिक निवासस्थान असून ते राज्यपालांचे निवासस्थान म्हणून परिचित आहे. मूळचा फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ असलेली ही वास्तू एकोणिसाव्या शतकात निवासासाठी वापरात आली. धार्मिक वास्तूचे राहत्या घरात रूपांतर होऊनही तिच्यातील उपासनास्थान टिकून राहिल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

स्थान व नाव

तिसवाडी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, मांडवी व जुवारी या नद्यांच्या मुखांमध्ये समुद्रात घुसलेल्या भूशिरावर ही वास्तू उभी आहे. पोर्तुगीज भाषेत ‘काबो’ म्हणजे भूशिर. उत्तरेकडील आग्वाद आणि दक्षिणेकडील मुरगाव यांच्यासह दोन्ही नदीमुखांवर नजर ठेवण्यास ही जागा सोयीची होती.

इतिहास

वास्को द गामाचा पुत्र एस्तेव्हाँव द गामा हा गव्हर्नर असताना, १५४१ च्या सुमारास, येथे ‘नोसा सेन्होरा दो काबो’ म्हणजे ‘भूशिराची माता’ या नावाचे चॅपेल बांधण्यात आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याला लागून फ्रान्सिस्कनांचा मठ उभा राहिला. नेपोलियनकालीन युद्धांच्या वेळी ब्रिटिश फौजेचा तळ या परिसरात होता. दोना पावला येथील ब्रिटिश दफनभूमी ही त्या काळाची खूण होय.

१८३५ मध्ये गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त करण्यात आले आणि मठ ओस पडू लागले. काबोच्या मठात काही काळ आर्चबिशपांचे वास्तव्य होते. १८६६ पासून गव्हर्नर जनरल तेथे राहू लागले. १९१८ मध्ये पणजीतील आदिलशाही राजवाडा सोडून त्यांनी आपले अधिकृत निवासस्थान येथे हलविले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर नायब राज्यपाल येथे राहू लागले. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाल्यानंतर हे राज्यपालांचे निवासस्थान झाले.

वास्तूतील बदल

मधल्या चौकाभोवती खोल्या ही मठाची प्रचलित रचना आपल्याकडील चौसोपी वाड्याशी मिळतीजुळती असल्याने निवासासाठी सोयीची ठरते. मात्र राहणीमान पूर्णतः पालटले. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या संन्याशांच्या जागी दरबार दालन, बोहेमियन काचेची झुंबरे व चिनी मातीची भांडी आली. समुद्राकडील प्रशस्त व्हरांडा हे या प्रासादाचे वैशिष्ट्य मानले जाते. या बदलांत मठाचे मूळ रूप बरेचसे लोपले. चॅपेलचा धार्मिक वापर मात्र कायम राहिला. १५ ऑगस्टला तेथे काबोच्या मातेचे फेस्त साजरे होते व भाविकांना प्रवेश मिळतो.

महत्त्व

जुने गोवे येथील सेंट ऑगस्टीनच्या मठाला असा नवा उपयोग लाभला नाही. १८३५ मध्ये तो ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. दिल्लीजवळ मेहरौली येथे थॉमस मेटकाफने १८४० च्या दशकात कुली खानच्या कबरीचे ‘दिलखुशा’ नावाच्या विश्रामगृहात रूपांतर केले. तेथे मूळ पावित्र्याचा विचार झाला नाही. सततच्या वापरामुळे वास्तू टिकते, परंतु तिचा मूळ अर्थ टिकण्यासाठी उपासनेचा भाग स्वतंत्र राखावा लागतो, हे काबोच्या उदाहरणावरून दिसते.