एव्हरॉनचा शिपाई आणि त्याचे टीकाकार

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांत दिंद्रुड नांवाचें गांव आहे. दिवाळी सरतां सरतां या मुलखांतील पुष्कळ कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात, हें सर्वांच्या ऐकिवांतलें आहे. कित्येक घरांत मग आजी चूल सांभाळते आणि संध्याकाळीं नातवाच्या हातांत मोबाइल असतो. त्या वीतभर पडद्यावर चार जणांचें एक पथक ओसाड बेटावर उतरतें. पथकांतील एक गडी दिंद्रुडचा, दुसरा दूर कोठें तरी साखर कारखान्याच्या तळावरील कोपींत, तिसरा पुण्यास शिकावयास गेलेला आणि चौथा कोण हें कोणासच ठाऊक नाहीं, असें सहज घडूं शकतें. बेट परक्यांचें, बंदुका परक्यांच्या, पण हुकूम सुटतो तो अस्सल मराठवाडी: "मागं हो, उजवीकडून यायलेत!"

या खेळाचा उगम कोठें, असें विचारलें तर सुशिक्षित घरांतूनहि "कोरियांत" किंवा "चीनमध्यें" असें उत्तर येईल. तें अगदींच चुकीचें नाहीं. पण नदीचें मूळ शोधावयास निघालेला मनुष्य पहिल्या धरणापाशींच थांबावा, तसें तें उत्तर आहे. आणखी वर चढून गेलें म्हणजे वाट मध्य युरोपांतील प्राग शहरीं जाऊन पोंचते. तेथें २००१ सालचा एक जुना, ओबडधोबड, परंतु ज्यांनीं तो मनापासून खेळला त्यांच्या स्मरणांतून अद्याप न गेलेला खेळ भेटतो. "ऑपरेशन फ्लॅशपॉइंट" हें त्याचें नांव.

मारेक आणि ओंद्रेय श्पान्येल हे दोन चेक बंधु या खेळाचे कर्ते. त्यांच्या देशांत १९६८ च्या ऑगस्ट महिन्यांत सोव्हिएट रणगाडे शिरले होते, आणि त्या घटनेची छाया १९८९ सालच्या राज्यक्रांतीपर्यंत तेथील जीवनावरून हटली नव्हती. ओंद्रेय यानें अटारी संगणकासाठीं केलेला "ग्राव्हॉन" नांवाचा खेळ १९९५ सालीं बाहेर आला. पुढें १९९९ सालीं "बोहेमिया इंटरॅक्टिव्ह" ही संस्था उभी राहिली आणि जून २००१ मध्यें एका ब्रिटिश प्रकाशकाच्या हस्तें फ्लॅशपॉइंट बाजारांत आला. त्याचें कथानक १९८५ सालांतलें. गोर्बाचेव्ह नुकतेच अधिकारावर आले असतां एक बंडखोर सोव्हिएट सेनापति आपल्याच सरकारास न जुमानतां समुद्रांतील कांहीं कल्पित बेटें बळकावतो. एका लहानशा मुलखांत परके रणगाडे अवचित शिरतात, हा प्रसंग चेक लेखणींतून उतरावा हा निव्वळ योगायोग मानावयाचा कीं काय, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

या खेळाचें वेगळेपण कळण्यास त्यापूर्वीची स्थिति थोडी पाहिली पाहिजे. १९९३ सालच्या "डूम"पासून पडद्यावरील नेमबाजीचा नायक म्हणजे एकटाच वीर. खांद्यावर दहा हत्यारें, अंगांत शेंकडों गोळ्या पचविण्याची ताकद, आणि विचार करण्यास मुळींच सवड नाहीं. या रीतीस पहिला जोराचा धक्का १९९८ सालीं अमेरिकेंत टॉम क्लॅन्सी यांच्या नांवानें निघालेल्या "रेनबो सिक्स" या खेळानें दिला. त्यांत गोळी झाडण्यापूर्वीं नकाशावर बेत आंखावा लागे. आठ माणसें निवडावयाचीं, त्यांचीं पथकें पाडावयाचीं, कोणीं कोणत्या दारानें शिरावयाचें आणि कोणत्या इशाऱ्यावर, हें सर्व आधीं ठरवावयाचें. एक गोळी वर्मीं बसली कीं माणूस संपला, आणि तो पुढच्या मोहिमेसहि परत येत नसे. पुष्कळ खेळाडूंस बेत आंखण्यांतच खरा आनंद वाटूं लागला. जो बेत चांगला साधला त्यांत प्रत्यक्ष चकमक दोन मिनिटांत आटोपते, हें पाहून नवखा हिरमुसे आणि मुरलेला खेळाडू खूष होई.

महाराष्ट्रीय मनास हा आनंद समजावून सांगण्याचें कारण नाहीं. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं लाल महालांत शिरलेलें पथक नेमकें किती जणांचें होतें व तें कोणत्या वाटेनें आंत गेलें, याविषयीं साधनांत एकमत नाहीं. पण तेथें तलवार फारच थोडा वेळ चालली आणि बेताचें काम पुष्कळ आधीं झालेलें होतें, याविषयीं वाद नाहीं.

रेनबो सिक्स हा इमारतींच्या चार भिंतींतला खेळ होता. श्पान्येल बंधूंनीं भिंतीच काढून टाकल्या. त्यांचें एव्हरॉन बेट एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मोकळें होतें; मैलच्या मैल कुरणें, रानें, खेडीं, आणि त्यांतून कोणत्याहि वाटेनें जाण्याची मुभा. आणि या बेटावर खेळणारा प्रथम येतो तो वीर म्हणून नव्हे, तर साधा शिपाई म्हणून. पहिल्या कित्येक प्रसंगांत त्याच्या हातीं अधिकार असा कांहींच नसतो. पुढचा चालला कीं चालावें, पड म्हटलें कीं पडावें. अधिकार मागाहून येतो, आणि तो आला म्हणजे खेळणाऱ्यास आज्ञा पाळण्याच्या दिवसांची किंमत कळते.

या खेळाविषयीं खेळाडूंचीं मतें आरंभापासूनच दुभंगलेलीं होतीं, आणि वीस वर्षें उलटून गेल्यावरहि तीं जुळलेलीं नाहींत.

गाऱ्हाणें करणारांचें म्हणणें असें, कीं हा खेळ नसून शिक्षा आहे. अर्धा तास माळरान तुडवीत जावें आणि न दिसलेल्या शत्रूच्या एका गोळीनें सर्व संपावें! त्यांतहि एका मोहिमेंत खेळ मध्येंच राखून ठेवण्याची संधि एकदांच; ती आधीं वापरली तर पुढें पस्तावण्याची पाळी, आणि जपून ठेवली तर बहुधा तिच्या आधींच मरण. शत्रूस झुडपाआडूनहि दिसतें आणि आपल्याला मात्र पडद्यावर चार ठिपके, ही तक्रार तर नेहमींचीच. वाहन हांकणारा संगणकी शिपाई पुलावर अडखळे. बिनतारी यंत्रावरील हुकूम सुटे सुटे शब्द जुळवून बनविलेले असल्यामुळें प्रत्येक शब्द निराळ्या सुरांत येई आणि ऐन रणांत हंसूं फुटे. सर्वांत मोठें दुःख आपल्याच पथकाचें. अकरा माणसें हाताखालीं आहेत. एकाला इकडे पाठवावें तों दुसरा गवतांत आडवा पडलेला, तिसरा कोठें गेला तें कळत नाहीं, आणि चौथा "तयार" म्हणून ओरडतो पण हालत नाहीं. चाळीस मुलांचा वर्ग सहलीस नेणाऱ्या कोणत्याहि शिक्षकास हें दुःख अनोळखी वाटावयाचें नाहीं.

हीं गाऱ्हाणीं खोटीं नव्हतीं, आणि खेळाचे चाहतेहि तीं खोटीं म्हणत नसत. त्यांचें म्हणणें निराळेंच होतें. यांत भीति खरी वाटते, असें ते म्हणत. त्याच्या पुष्ट्यर्थ ते बहुधा एकाच प्रसंगाकडे बोट दाखवीत. मोंतिन्याक नांवाच्या खेड्यावरील हल्ला फसतो. पथक कापलें जातें. सुटकेस आलेलीं हेलिकॉप्टरें निघून जातात आणि शिपाई मागें एकटाच राहतो. येथून पुढें शौर्यास कांहीं वावच नाहीं. शत्रूचीं गस्तीपथकें चुकवीत, झाडांच्या आडोशानें, हातांत होकायंत्र धरून रानांतून निसटावयाचें, एवढेंच काम. इतर खेळांत नायक पळाला तर खेळणाऱ्याची चूक समजत. येथें पळून जगणें हीच मोहीम. जयाच्या गोष्टी पुष्कळ खेळांनीं सांगितल्या, परंतु पराभवानंतरच्या शांततेंतील धडधड पडद्यावर यानेंच प्रथम ऐकविली, असें या चाहत्यांचें मत आहे. आणि तें अतिशयोक्तीचें म्हणवत नाहीं.

दुसरी एक बाब बारीक आहे, पण जाणते खेळाडू तिचा उल्लेख हटकून करतात. पथकाचा नायक पडला तर तें कोणी जाहीर करीत नाहीं. केवळ हुकूम यावयाचे थांबतात. थोड्या वेळानें कोणी तरी त्याचा नंबर पुकारतो, उत्तर येत नाहीं, आणि मग दुसऱ्या नंबरचा शिपाई "आतां माझा हुकूम" असें कळवितो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी पडल्यावर सूर्याजीनें मागें फिरणाऱ्या मावळ्यांस थोपविलें, अशी परंपरेची कथा आहे. ती शाळेंत पाठ केलेल्या मुलास त्या चार क्षणांच्या शांततेचा अर्थ निराळा सांगावयास नको.

२००२ सालीं या खेळास "रेझिस्टन्स" नांवाची पुरवणी जोडली गेली. कित्येकांच्या मतें मूळ ग्रंथापेक्षां ही पुरवणीच सरस. काळ १९८२, नोगोव्हा नांवाच्या बेटावर सोव्हिएट फौज उतरते आणि शस्त्रें खालीं ठेवून सुखानें राहणारा व्हिक्टर ट्रोस्का नांवाचा जुना सैनिक मनाविरुद्ध बंडवाल्यांचा पुढारी होतो. येथें दारूगोळा पुरविणारें सरकार नाहीं. शत्रूपासून जें हिसकावलें तेंच पुढच्या लढाईचें भांडवल, आणि जो गडी गेला तो गेला. दहा बंदुकांसाठीं दोन माणसें गमवावीं काय, असा हिशेब खेळणाऱ्यास स्वतःशीं करावा लागे. गनिमी काव्याचें अर्थशास्त्र इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणीं शिकविलें असेल.

हिंदुस्थानांत त्या वर्षीं काय चाललें होतें? १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सामान्य जनतेस खुलें झालें होतें. पुण्यामुंबईच्या गल्लींतून सायबर कॅफे निघाले होते आणि तेथें तासावर पैसे मोजून मुलें खेळत तो "काउंटर-स्ट्राइक". त्याची एक फेरी कांहीं मिनिटांत संपते, निकाल लगेच लागतो, आणि मेलेला पुढच्या फेरींत उठतो. तासावर भाडें देणाऱ्यास अर्धा तास माळरान तुडविणें परवडावें कसें? फ्लॅशपॉइंट इकडे रुजला नाहीं याचें कारण रसिकतेच्या अभावांत शोधण्यापेक्षां खिशांत शोधणें अधिक न्यायाचें होईल.

पुढें प्रकाशक आणि कर्ते यांची फारकत झाली. नांव प्रकाशकाकडे राहिलें, कला कर्त्यांकडे. कर्त्यांनीं २००६ सालीं "आर्मा" या नव्या नांवानें आपला धागा पुढें चालविला. प्रकाशकानें २००९ सालीं जुन्या नांवाखालीं "ड्रॅगन रायझिंग" काढला. जुन्या खेळाडूंनीं त्या दुसऱ्याचें स्वागत थंडपणें केलें; पाटी दुकानाची आहे पण हलवाई निराळा, असाच एकूण सूर होता. २०११ सालीं मूळ खेळ "आर्मा : कोल्ड वॉर असॉल्ट" असें नांव बदलून पुन्हां निघाला. एखाद्या मनुष्यास उतारवयांत स्वतःचें नांव टाकून मुलाचें नांव लावावें लागावें, असा हा प्रकार! दरम्यान त्याच यंत्रणेवरून सैन्याच्या शिक्षणासाठीं निराळी आवृत्ति निघाली होती आणि अमेरिकेच्या व ऑस्ट्रेलियाच्या फौजांनीं ती वापरली. "हा खेळ नव्हेच" म्हणणाऱ्या टीकाकारांस याहून मोठी साक्ष हवी कशाला?

परंतु दिंद्रुडपर्यंतची वाट सैन्यांतून गेलेली नाहीं. ती एका साध्या सोयींतून गेली आहे. फ्लॅशपॉइंटबरोबर नव्या मोहिमा रचण्याचें साधनहि खेळणाऱ्याच्या हातीं दिलेलें होतें. नकाशावर शिपाई मांडावे, वाट आंखावी, आणि आपली लढाई आपण रचावी. ही प्रथा आर्मानें सोडली नाहीं. २०१२ सालीं न्यूझीलंडच्या डीन हॉल यानें "आर्मा २" वर "डेझी" नांवाचा, उपाशीतापाशी जगण्याचा खेळ रचला. त्यावर आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यानें दुसऱ्या वर्षीं शेवटचा उरेल तो जिंकेल असा डाव मांडला. त्यालाच कोरियन कंपनीनें बोलावून घेतलें, २०१७ सालीं "पबजी" जन्मला, आणि २०१८ सालीं तो मोबाइलवर आला. स्वस्त इंटरनेट २०१६ च्या सप्टेंबरपासून खेडोपाडीं पोंचूं लागलेलें होतेंच.

त्यानंतरचा इतिहास घरोघर माहीत आहे. पालकांची चिंता वाढली. २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत या खेळाविरुद्ध याचिका गेली. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें ११८ ॲपांवर बंदी घातली त्यांत हा खेळ होता. मात्र तिचें कारण मुलांचा अभ्यास हें नसून देशाची सुरक्षितता आणि लोकांच्या माहितीचें संरक्षण हें होतें. आईबाप हें बहुधा विसरतात. पुढें २०२१ च्या जुलैंत तो नवें नांव घेऊन आला, २०२२ च्या जुलैंत पुन्हां काढला गेला, आणि २०२३ च्या मे महिन्यांत परत आला.

फ्लॅशपॉइंटचे जुने खेळाडू या नातवाकडे पाहून नाक मुरडतात. यांत बेत नाहीं, माघार नाहीं, हुकुमाची शिस्त नाहीं, असें ते म्हणतात. उलट आजच्या मुलास तो जुना खेळ दाखविला तर चौकोनी चेहरे आणि लांबच लांब पायपीट पाहून तो पांच मिनिटांत कंटाळेल. दोघेहि आपापल्या जागीं बरोबर आहेत. मात्र म्हाताऱ्यांच्या नजरेंतून एक गोष्ट निसटते. त्यांच्या पथकांतील अकरा माणसें संगणकाचीं होतीं, आणि त्यांच्या मरणानें वाटणारें दुःख तालमीचें होतें. दिंद्रुडच्या मुलाच्या कानांत येणारा आवाज मात्र खऱ्या मित्राचा असतो. तो दिवाळीपासून गांवांत नाहीं, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत येणारहि नाहीं, आणि पडद्यावर घायाळ होऊन पडला कीं त्याला उठविण्यासाठीं हा गोळ्यांच्या वर्षावांत धांवतो.

२०२२ च्या मे महिन्यांत श्पान्येल बंधूंच्या संस्थेनें "आर्मा रिफॉर्जर" नांवाचा नवा खेळ काढला आणि त्यांत एव्हरॉन बेट पुन्हां उभारलें. काळ आतां १९८९ चा. झाडांस पानें आलीं, घरांस खोल्या आल्या, गवत वाऱ्यानें हलूं लागलें. जुना खेळ ज्याच्या स्मरणांत आहे त्याला मोंतिन्याककडे जाणारा रस्ता अजून सांपडतो, आणि त्या गांवामागचें रानहि.