कदमांचा कळंब

नागोठणं मागे टाकून कोलाडकडे निघालं की महामार्गावर खांब लागतं. रोहे तालुक्यातल्या या पट्ट्यात लगीनघरी आधी देवक बसतं, मग बाकीचं. घरातलं एखादं जोडपं उपरण्या-पदराची गाठ मारून, वाजंत्री पुढे घेऊन डहाळी आणतं. ती मांडवात पुजायची आणि कार्य उरकलं की उठवायची. कुळाची खूण दिसते ती एवढ्यापुरतीच. एरवी दारावरही नसते.

मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, साळुंख्यांचं साळुंकीचं पीस, पवारांची तलवारीची धार, कदमांचा कळंब. ज्याचं देवक झाड, त्याने त्या झाडाचं लाकूड चुलीत घालायचं नाही, असा दंडक. आडनावावरून खूण घेण्याची ही रीत आपल्यापुरती नाही: स्पेनमधल्या कॅस्टिलच्या राजांच्या ढालीवर किल्ला आला आणि लिऑनच्या राजांच्या ढालीवर सिंह, तो नावावरूनच.

कदमांच्या बाबतीत मात्र आधी झाड, मग नाव. कदम आपलं कूळ ज्यांच्याशी जोडतात, त्या कदंब राजांचा शिलास्तंभ शिमोगा जिल्ह्यात ताळगुंदला आहे, पाचव्या शतकातला. घराजवळच्या कदंबाची, म्हणजे कळंबाची, निगा राखता राखता घराण्याला ते नाव पडलं, असं त्यावर कोरलंय. पुढे गोव्याच्या कदंबांनी नाण्यांवर सिंह आणला. राज्य मिरवायचं तर झाड कसं पुरणार! सिंह नाण्यांबरोबर संग्रहालयात गेला, कळंब लग्नात राहिला.

संस्थानिकांची रंगीत कुलचिन्हं तर अगदी अलीकडची. १८७७च्या दिल्ली दरबारासाठी बंगालच्या सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलर यांनी ती युरोपी धाटणीने बेतली. त्या चिन्हांची निशाणं इतकी जड होती की एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे हायलँडर शिपाई लागत. मोटारीच्या काचेवरचे ढाल-तलवारीचे स्टिकर मला त्याच दरबारी हौसेचे वारस वाटतात.

देवकाला मिरवण्यापलीकडचं काम आहे. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर मुलगा-मुलगी भाऊ-बहीण ठरतात आणि सोयरीक होत नाही. म्हणून रीत पाळणाऱ्या घरांत हुंड्या-मानपानाचा विषय निघण्याआधीच एखादी म्हातारी पदर सावरत विचारते, ‘‘तुमचं देवक कोणतं हो?’’