पायरीशी उतरवलेले जोडे

रंगूनच्या नदीकाठी, बंदराच्या धक्क्यासमोर, ‘स्ट्रँड’ नावाचे एक जुने हॉटेल आहे. १९०१ साली ते सुरू झाले. ते काढणारे सार्कीज बंधू हे इराणातील इस्फाहानकडचे आर्मेनियन. पेनांगचे ‘ईस्टर्न अँड ओरिएंटल’ आणि सिंगापूरचे ‘रॅफल्स’ ही हॉटेलेही त्यांचीच. आगबोटीतून उतरलेल्या साहेबाने रस्ता ओलांडला की तो स्ट्रँडच्या दारात पोहोचे. जपानी अंमलात हॉटेल जपान्यांच्या ताब्यात गेले, १९६३ साली ते सरकारजमा झाले, आणि पुष्कळ वर्षांच्या दुर्दशेनंतर डागडुजी होऊन १९९३ साली पुन्हा उघडले. ब्रह्मदेशाचे नाव १९८९ पासून सरकारी दप्तरात म्यानमार झाले आणि रंगूनचे यांगून. पण स्ट्रँडच्या उंच छताखाली सागवानी सामानात राहणाऱ्या प्रवाशाच्या तोंडी अजून जुनीच नावे येतात. त्याचा त्यात फारसा दोष नाही. असली हॉटेले जुना काळ विकण्यासाठीच असतात.

हा प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी निघतो तो श्वेडगोन पाहायला. वाट फार तर तीन-चार किलोमीटरांची. ‘श्वे’ म्हणजे सोने आणि ‘डगोन’ हे त्या स्थळाचे जुने नाव. सिंगुत्तर टेकडीवर सुमारे ३२६ फूट उंचीचा हा सोन्याने मढविलेला स्तूप उभा आहे. तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापारी बंधूंनी बुद्धाकडून मिळालेले आठ केस येथे आणून ठेवले, अशी ब्रह्मी लोकांची श्रद्धा आहे. चार दिशांना चार जिने आहेत. त्यांपैकी कोणत्याही जिन्याशी आले की पहिल्या पायरीपाशी जोडे आणि मोजे दोन्ही काढावे लागतात. प्रवासी ते काढतो, हातातल्या पिशवीत घालतो आणि वर चढू लागतो. त्याला ती एक साधी रीत वाटते. या साध्या रीतीसाठी ब्रह्मदेशात केवढे रण माजले होते, हे त्याला हॉटेलात कोणी सांगितलेले नसते.

परक्यांचा हात या टेकडीवर पडला तो इंग्रजांच्याही आधी. सतराव्या शतकाच्या आरंभी नदीपलीकडच्या सिरियम बंदरात फिलिप द ब्रितो नावाचा पोर्तुगीज सरदार बळजोर झाला होता. तो गोव्यास येऊन व्हाइसरॉयचा आश्रय आणि त्याच्या घराण्यातली वधू घेऊन परतला. १६०८ साली त्याने धम्मचेती राजाने ओतवून स्तूपास वाहिलेली प्रचंड घंटा खाली ओढून आणली. तिच्या धातूच्या तोफा करायच्या होत्या. तराफ्यावर घालून नेताना ती नदीत बुडाली, ती आजतागायत सापडलेली नाही. पाणबुडे अजून तिच्या शोधात बुड्या मारतात. द ब्रितोला १६१३ साली ब्रह्मी राजाने सुळावर चढविले. गोव्याच्या इतिहासात या गृहस्थाच्या वाट्याला फार ओळी येत नाहीत. रंगूनकडे मात्र त्याचे नाव विसरले गेलेले नाही.

पुढे इंग्रजांनी नेमका तोच उद्योग केला. १८२४ साली पहिल्या युद्धात त्यांनी स्तूपाची टेकडीच किल्ला म्हणून ताब्यात घेतली. सिंगू राजाने १७७९ च्या सुमारास दिलेली सुमारे तेवीस टनांची घंटा त्यांनी कलकत्त्यास नेण्याकरिता काढली. तीही नदीत पडली. इंग्रजांच्या यंत्रांनी ती निघेना. तेव्हा ब्रह्मी लोकांनी ती आम्ही काढतो, पण निघाली तर आमच्या देवस्थानास परत द्या, अशी मागणी केली. साहेबांनी हसून होकार दिला असावा. त्या लोकांनी पाण्यात बुड्या मारून घंटेखाली बांबूंवर बांबू बांधले, आणि बांबूंच्या तरंगण्याने ती आपोआप वर आली. आज वायव्य कोपऱ्यातल्या मंडपात ती टांगलेली आहे. येणारा जाणारा लाकडी दांड्याने तिच्यावर टोला देतो.

१८५२ च्या दुसऱ्या युद्धात टेकडी पुन्हा पडली, आणि या वेळी फौज तेथे १९२९ पर्यंत राहिली. पश्चिमेचा जिना भाविकांना बंद झाला. १८७१ साली मंडालेच्या मिंडोन राजाने स्तूपाच्या शिखरासाठी रत्नजडित नवे छत्र पाठविले, ते चढले. पण ते वाहणाऱ्या राजाला स्वतः त्या समारंभास येता आले नाही, कारण रंगून इंग्रजी मुलखात होते.

जोड्यांचा तंटा दरबारातही होताच. राजासमोर जोडे काढून जमिनीवर बसावे, ही मंडालेची रीत. १८७५ साली फोर्साइथ वकिलीच्या नंतर हिंदुस्थान सरकारने आपल्या वकिलांस बजावले की यापुढे जोडे काढायचे नाहीत. राजाही आपल्या रीतीवरून हटला नाही. परिणाम असा झाला की इंग्रज वकिलाची आणि राजाची समोरासमोर भेटच थांबली. दहा वर्षांनी मुंबईच्या नावाच्या एका लाकूडवाल्या कंपनीच्या दंडावरून युद्ध पेटले, तेव्हा दोन माणसांनी एका खोलीत बसून बोलण्याची सोय उरली नव्हती. जोडे हे युद्धाचे कारण होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दार त्यांनी आधीच लावून घेतले होते. मिंडोनचा मुलगा थिबा १८८५ साली पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आला. तेथेच १९१६ साली त्याचे निधन झाले. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात त्याच थिबाच्या मंडालेत तुरुंगात होते. इंग्रजी राज्याच्या हिशेबात असे अदलाबदलीचे जमाखर्च बरेच सापडतात.

राज्य गेल्यावर स्तूपाची पायरीच तेवढी उरली. ब्रह्मी माणूस तेथे अनवाणी चढे. साहेब मात्र बुटांसकट फिरत, आणि सरकारी नोकरही त्यांचा कित्ता गिरवीत. स्ट्रँड उघडले त्याच १९०१ साली, मार्च महिन्यात, धम्मलोक नावाच्या भिक्षूने श्वेडगोनवर जोडे घालून हिंडणाऱ्या एका हिंदी पोलिसाला अडविले. हा भिक्षू जन्माने आयरिश होता, ही त्यातली गंमत. प्रकरण बरेच गाजले. मंदिराच्या, मशिदीच्या वा गुरुद्वाराच्या दारात पादत्राण काढावे लागते, हे त्या पोलिसाला हिंदुस्थानात लहानपणीच कळले असणार. परमुलखात साहेबाची चाकरी करताना ते विसरायला त्याला फार वेळ लागला नाही. आणि साहेबाच्या घरी जे बायबल वाचले जाई, त्यातही जळत्या झुडपापाशी मोशेला पायांतले जोडे काढायला सांगितलेले आहे, कारण ती भूमी पवित्र होती.

१९१६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रह्मी तरुणांच्या बौद्ध संघटनेने हा प्रश्न हाती घेतला. लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने त्यावर पुस्तिका लिहिली. १९१९ च्या ऑक्टोबरात मंडालेच्या एका पॅगोड्यात जोडे घालून आलेल्या युरोपीयांवर भिक्षूंनी हल्ला केला, आणि त्यांच्यापैकी एकाला जन्मठेप झाली. रक्त सांडले ते योग्य झाले नाही. पण त्यानंतर सरकारने मानले की देवस्थानात काय घालावे हे देवस्थानाने ठरवावे. कामावरचे शिपाई आणि पोलीस तेवढे त्यातून वगळले. पुष्कळ साहेबांनी यावर उपाय काढला तो असा, की श्वेडगोन पाहायलाच जायचे नाही. ते खाली शहरात राहिले, आपल्या क्लबांत आणि स्ट्रँडच्या जेवणघरात. तेथे ब्रह्मी पाहुण्याला दुसरे महायुद्ध संपेपर्यंत प्रवेश नव्हता, असे त्या हॉटेलाच्या इतिहासात सांगितले जाते. एका शहरात अशी दोन दारे होती. एक कोणालाही उघडे होते, फक्त जोडे काढावे लागत. दुसऱ्यासाठी कातडीच बदलावी लागली असती.

पुढची मोठी पावले त्या टेकडीवरच पडली. १९२० साली विद्यार्थ्यांनी संपाचा बेत नैर्ऋत्येच्या मंडपात बसून केला. तेथे आज एक स्तंभ आहे. १९४६ च्या जानेवारीत आँग सान यांनी येथेच सभा घेऊन स्वातंत्र्य मागितले, आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या कन्येने पश्चिमेच्या बाजूला लाखोंच्या समुदायापुढे भाषण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली दोनदा रंगूनला आले होते. दुसऱ्या खेपेस, डिसेंबरात, जागतिक बौद्ध परिषदेसाठी. २०१२ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आले, तेही अनवाणीच चढले.

हॉटेलातून आलेला प्रवासी एव्हाना वरच्या चौथऱ्यावर पोहोचलेला असतो. स्तूप उजव्या हाताला ठेवून त्याची प्रदक्षिणा चालते. वाटेत वारांच्या आठ चौक्या लागतात, कारण बुधवारची सकाळ आणि संध्याकाळ वेगळी धरतात. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, गुरुवारचा उंदीर. ज्याचा जन्म ज्या वारी, तो त्या चौकीतल्या मूर्तीवर पाणी ओततो. आपला वार ठाऊक नसलेला प्रवासी बाजूच्या म्हाताऱ्या बाईच्या खुणेवरून कुठल्या तरी मूर्तीवर दोन पेले पाणी घालतो. तोवर ऊन चढते. फरशी तापते, आणि सारे लोक पाय भाजू नयेत म्हणून अंथरलेल्या चटईच्या पट्टीवरून, एकामागे एक, चालू लागतात.