जड भिंत, हलका पत्रा

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. कोयना खोरं साखरझोपेत होतं. भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. बरीचशी स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली.

त्या भिंती वाईट नव्हत्या. दगडमातीची दीड-दोन फुटांची भिंत दिवसभर ऊन आणि चुलीची ऊब पिते, रात्री हळूहळू परत देते. पण अशा एका चौरस मीटर भिंतीचं वजन साधारण एक टन भरतं. जमीन हलली की जितकं वजन, तितकं बळ. म्हणजे रात्री ऊब देणारं वजनच पहाटे जीव घेतं.

पत्र्याचं गणित नेमकं उलटं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चारेक किलो. तो अंगावर पडला तरी माणूस वाचण्याची शक्यता खूप जास्त. पण तो ऊब धरत नाही. म्हणून आपत्तीनंतर उभं राहतं ते शेड सुरक्षित असतं आणि गारठलेलंही. हा प्रश्न जुना झालेला नाही. १९९३ पासून शेजारच्या वारणा धरणाच्या परिसरातही भूकंपाचे धक्के बसत आलेत. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळेत दरडी कोसळल्या, तेव्हाही लोकांना आधी तात्पुरत्या निवाऱ्यातच जावं लागलं.

हलक्या घराचा हाच प्रश्न अमेरिकेनेही हाताळलाय. तिथे कारखान्यात तयार झालेलं अख्खं घर ट्रकवरून येतं. १९७६ पासून अशा घरांना देशभर एकच नियमावली आहे आणि तिच्यात भिंत-छपराच्या इन्सुलेशनचीही अट आहे. आत बऱ्याचदा १०-१५ किलोवॅटची विजेची भट्टी असते : निक्रोमच्या तारा तापतात, पंखा गरम हवा फरशीखालच्या नळ्यांतून खोल्यांत ढकलतो. १५ किलोवॅट म्हणजे आपले सात-साडेसात गीझर एकदम चालू!

आपल्याकडे इतकी गरज नाही. १० बाय १२ च्या खोलीला २ किलोवॅटचा हीटर पुरे. पण क्रम महत्त्वाचा. आधी छताला आतून ग्लासवूल आणि त्याखाली बोर्ड, दाराच्या फटी बंद, मग हीटर. नाहीतर रोज तीन तासांची ६ युनिट वीज आभाळ तापवण्यात जाते. २ किलोवॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात. त्यामुळे बल्बच्या वायरीवरून जोड नको. मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट हवं. वायर पत्र्यातून जाते तिथे पाईप घाला. कडेने वायर सोलली तर सगळं घरच शॉक देणार. म्हणून पत्र्यालाही अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. वायरमन परवानाधारकच बोलवा.

कोयनेची वीज १९६० मेगावॅट. त्यातले २ किलोवॅट म्हणजे दहा लाखांतला एक भाग. खोऱ्यातल्या शेडला तेवढे द्यायला वीज कमी पडत नाही. अडतं ते ‘तात्पुरतं’ या शब्दापाशी. तात्पुरत्या घराला इन्सुलेशन कशाला, वेगळी वायर कशाला? पण कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अर्धशतक उलटलं तरी पूर्ण सुटले नव्हते. आपल्याकडे तात्पुरतं किती वर्षं टिकतं, हे या खोऱ्याला विचारा आणि शेड त्या हिशोबाने बांधा.