नोटर डेम विद्यापीठ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रमुख खाजगी कॅथलिक विद्यापीठ. ते इंडियाना राज्याच्या उत्तर भागात साउथ बेंड शहरालगत वसले असून त्याचा परिसर सु. ५०० हेक्टरांचा आहे. ‘नोटर डेम’ (फ्रेंच उच्चार नॉत्र दाम) हे येशूची माता मेरी हिचे आदरनाम होय. विद्यार्थिसंख्या सु. १३,००० असून त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश विद्यार्थी प्रथम पदवीच्या अभ्यासक्रमांत शिकतात. सामान्य अमेरिकन माणूस हे विद्यापीठ फुटबॉलमुळे ओळखतो. शैक्षणिक इतिहासात मात्र त्याचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. चर्चच्या अधिकाराखालील विद्यालयाचे स्वायत्त विद्यापीठात रूपांतर होताना त्याचे धार्मिक स्वरूप कोठे व कसे टिकते, या प्रश्नाचे ते एक ठळक उदाहरण आहे.

स्थापना व वाढ : हा प्रदेश मूळचा पॉटवाटमी जमातीचा. १८३८ मध्ये या जमातीतील अनेकांना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस नेण्यात आले. वाटेत बरेच लोक दगावले. कॅथलिक झालेली पोकेगन शाखा मात्र याच भागात राहिली. येथील सु. २१२ हेक्टर जमीन स्टीव्हन बेडिन या धर्मगुरूने मिशनकार्यासाठी विकत घेतली होती. व्हिन्सेन्सच्या बिशपने ती होली क्रॉस या फ्रेंच धर्मसंघाचे एडवर्ड सोरिन यांना देऊ केली. दोन वर्षांत तेथे महाविद्यालय काढावे, अशी त्यासाठी अट होती. २६ नोव्हेंबर १८४२ रोजी अठ्ठावीस वर्षांचे सोरिन काही सहकाऱ्यांसह येथे पोहोचले. बर्फाच्छादनामुळे येथील दोन तळी त्यांना एकच भासली आणि म्हणून संस्थेच्या नावात ‘सरोवराची’ हे एकवचनी पद आले, असे सांगतात. १५ जानेवारी १८४४ रोजी इंडियाना विधिमंडळाने विद्यापीठाची सनद दिली. प्रत्यक्षात प्रारंभीची अनेक वर्षे प्राथमिक व माध्यमिक वर्ग आणि हस्तव्यवसायांची शाळा यांचाच भार अधिक होता. अन्य पंथीयांनाही आरंभापासून प्रवेश खुला होता. विधी शाखा १८६९ मध्ये व अभियांत्रिकी शाखा १८७३ मध्ये सुरू झाली.

२३ एप्रिल १८७९ रोजी मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत नव्या इमारतीत वर्ग भरले. पुढे तिच्यावर मेरीच्या पुतळ्यासह उभारलेला सोनेरी घुमट हे विद्यापीठाचे चिन्हच बनले. आयरिश, जर्मन, पोलिश अशा स्थलांतरित कॅथलिकांच्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट येथे मिळाली. प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या समाजात ही वाढ सर्वांना रुचणारी नव्हती. मे १९२४ मध्ये साउथ बेंड येथे जमलेल्या कू क्लक्स क्लॅनच्या अनुयायांशी विद्यार्थ्यांची रस्त्यावर झटापट झाली. याच काळात न्यूट रॉकनी (प्रशिक्षक १९१८–३०) यांच्या संघाने १०५ सामने जिंकले व केवळ १२ गमावले. ‘फायटिंग आयरिश’ हे प्रथम हिणविण्यासाठी वापरले गेलेले नाव विद्यापीठाने १९२७ मध्ये अधिकृतपणे स्वीकारले.

विद्या आणि धर्माधिकार : विज्ञानाशी येथील धर्मगुरूंचा संबंध जुना आहे. रसायनशास्त्रज्ञ ज्यूलियस न्यूलंड यांच्या ॲसिटिलिनविषयक संशोधनातून निओप्रीन या कृत्रिम रबराचा मार्ग खुला झाला. जॉन झाम यांनी १८९६ मध्ये उत्क्रांतिवाद व श्रद्धा यांत विरोध नाही, असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. १८९८ मध्ये रोमच्या ग्रंथनिषेध मंडळाने त्यावर बंदीचा निर्णय घेतला. झाम नमले आणि तो निर्णय जाहीर करण्यात आला नाही.

अर्धशतकानंतर असाच प्रसंग आला, तेव्हा उत्तर वेगळे मिळाले. थीओडोर हेसबर्ग हे १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षे विद्यापीठाचे अध्यक्ष होते. धर्मस्वातंत्र्यासंबंधी जॉन कोर्टनी मरी यांचा लेख असलेला विद्यापीठाचा एक ग्रंथ मागे घ्यावा, असा दबाव १९५४ मध्ये रोमहून आला. हेसबर्ग यांनी तो मानला नाही. १९५७ पासून ते नागरी हक्क आयोगाचेही सदस्य व पुढे अध्यक्ष होते. निक्सन प्रशासनावरील टीकेनंतर १९७२ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. १९६७ हे वर्ष निर्णायक ठरले. जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधील लँड ओ’ लेक्स येथे हेसबर्ग यांच्या पुढाकाराने भरलेल्या बैठकीत कॅथलिक शिक्षणतज्ज्ञांनी निवेदन काढले. खरे विद्यापीठ होण्यासाठी, अधिकार धार्मिक असो वा लौकिक, त्यापासून स्वायत्तता व विद्यास्वातंत्र्य आवश्यक आहे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी धर्मसंघाने विद्यापीठाची मालकी सोडून कारभार विश्वस्त मंडळाकडे सोपविला आणि त्यात गृहस्थाश्रमी सदस्य बहुसंख्य झाले. त्यावर सहा धर्मगुरू व सहा गृहस्थ अशा बारा अधिसदस्यांचे मंडळ असून धार्मिक स्वरूप जपणे हे त्याचे एक काम आहे. अध्यक्ष होली क्रॉस संघाचाच धर्मगुरू असावा, हा नियमही कायम राहिला.

या व्यवस्थेने प्रश्न मिटला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी नवे विधान प्रसृत करून चर्चशी असलेल्या बांधीलकीवर भर दिला. १७ मे २००९ रोजी पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना सन्माननीय पदवी देण्यात आली. गर्भपातविषयक त्यांच्या धोरणामुळे अनेक बिशपांनी जाहीर निषेध केला व स्थानिक बिशप समारंभास गैरहजर राहिले. विद्यापीठाने मात्र निमंत्रण मागे घेतले नाही.

परिसरातील जीवन : कायद्याने चर्चपासून दूर झालेल्या या संस्थेचे धार्मिक स्वरूप मुख्यतः वसतिगृहांत टिकून आहे. वसतिगृहे प्रायः स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र असून प्रत्येकात प्रार्थनामंदिर व निवासी प्रमुख असतो. विद्यार्थी सामान्यतः पदवीपर्यंतची बहुतेक वर्षे एकाच वसतिगृहात काढतात. अन्य अमेरिकन विद्यापीठांत आढळणारे ‘फ्रॅटर्निटी’ व ‘सोरॉरिटी’ हे सदस्यसंघ येथे नाहीत. त्यांची जागा वसतिगृहाच्या आपलेपणाने घेतली आहे. भिन्नलिंगी पाहुण्यांच्या वेळांचे निर्बंध हा विद्यार्थ्यांच्या वादाचा जुना विषय आहे. ईश्वरविद्या व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन सर्व पदवी-विद्यार्थ्यांना अनिवार्य आहे, मग त्यांची श्रद्धा कोणतीही असो.

मुलींना पदवी वर्गांत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला. शेजारच्या सेंट मेरीज या स्त्रियांच्या महाविद्यालयाशी विलीनीकरणाचा बेत फिसकटल्यावर हा निर्णय झाला. पहिल्या वर्षी ३६५ विद्यार्थिनी आल्या आणि त्यांच्यासाठी पुरुषांची दोन वसतिगृहे रिकामी करण्यात आली. आज विद्यार्थ्यांत स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे आहे.

१९६३ मध्ये सुरू झालेले चौदा मजली ग्रंथालय, १८९६ मध्ये लूर्दच्या गुहेच्या धर्तीवर बांधलेले प्रार्थनास्थान आणि १९३० चे क्रीडागार ही परिसराची ख्यात स्थळे होत. ‘बेंगॉल बाउट्स’ या विद्यार्थ्यांच्या मुष्टियुद्ध स्पर्धेचे उत्पन्न १९३० च्या दशकापासून होली क्रॉस संघाच्या बंगालमधील, म्हणजे आजच्या बांगला देशातील, कार्यास दिले जाते. हा संघ तेथे १८५३ पासून आहे.

मुख्य इमारतीतील कोलंबसविषयक भित्तिचित्रांत मूळ रहिवाशांचे अवमानकारक चित्रण असल्याची तक्रार दीर्घकाळ होती. २०१९ मध्ये ती नष्ट न करता झाकण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये विद्यापीठास अमेरिकन संशोधन-विद्यापीठांच्या संघटनेचे सदस्यत्व मिळाले. एकेकाळी कॅथलिक धर्म व उच्च संशोधन एकत्र नांदू शकत नाहीत, असे अनेक विद्वान मानीत. ते नांदू शकतात, हे या विद्यापीठाने बऱ्याच अंशी दाखविले. परंतु त्यांच्यातील सीमारेषा प्रत्येक पिढीला नव्याने आखावी लागते, हेही त्याच्या इतिहासातून दिसते.