वर्षातला बेस्ट अ‍ॅडव्हेंचर गेम कोण आणि कसा ठरवतं? आणि या यादीत पुणं कुठून आलं?

डिसेंबर उजाडला की इन्स्टा आणि यूट्यूबवर एकच धुमाकूळ असतो. ‘या वर्षातले टॉप टेन गेम्स’, ‘हा अवॉर्ड त्याला मिळायला हवा होता’, ‘ज्युरी विकली गेली’ वगैरे वगैरे. कमेंटमध्ये दोन गट पडतात आणि गेम खेळायचा राहतो बाजूला.

२०२० च्या डिसेंबरमध्येही हेच चाललं होतं. लॉकडाऊनचं वर्ष, सगळे घरात, त्यामुळे भांडायला वेळही भरपूर. पण त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या नामांकनांमध्ये एक नाव असं होतं, जे वाचून आपल्याकडच्या पोरांनी दोनदा डोळे चोळले. गेमचं नाव ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणि तो बनवणारा स्टुडिओ होता पुण्याचा.

हा गेम तिथपर्यंत पोचला कसा, मुळात अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणायचं कशाला, आणि हे पुरस्कार ठरतात कसे, ते एकेक करून बघू.

अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणजे नेमकं काय?

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला हे समजावणं सगळ्यात सोपं आहे. दौलताबादचा किल्ला आठवा.

शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर यादवांचा देवगिरी. आधी तटबंदीचे दरवाजे. ते ओलांडले की चांद मिनार. मग खंदक, आणि तो पार करायला एकच अरुंद वाट. त्यानंतर येते अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातून वळणं घेत वर जाणारा काळोखा रस्ता. नवख्या माणसाला आत दिशाच कळत नाही. शत्रूला गोंधळात टाकून गाठण्यासाठीच ती रचना होती. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे मित्राचं शर्ट धरून चाललोय.

आता हेच गेमच्या भाषेत मांडा. अनोळखी जागा आहे. पुढे जायचं तर वाट शोधायची, कोडं सोडवायचं, जवळचं सामान जपून वापरायचं आणि प्रत्येक टप्प्यावर गोष्ट थोडी पुढे सरकते. झाला अ‍ॅडव्हेंचर गेम! सामान जपण्याचा धडाही याच किल्ल्याने दिलाय. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा धान्य समजून वर नेलेल्या पोत्यांमध्ये मीठ निघालं, अशी गोष्ट सांगितली जाते. एवढा मजबूत किल्ला, पण घात झाला तो शिदोरीने.

या प्रकाराला नाव मिळालं तेही एका गुहेमुळेच. अमेरिकेत विल क्राउथर नावाच्या प्रोग्रामरला गुहा धुंडाळायचा नाद होता. त्याने १९७६ च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ केव्हवर बेतलेला एक गेम लिहिला. त्यात एकही चित्र नव्हतं. स्क्रीनवर वर्णन यायचं, आपण ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असं टाइप करायचं. १९७७ मध्ये डॉन वूड्सने तो वाढवला. गेमचं नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’. तेच नाव पुढे अख्ख्या प्रकाराला चिकटलं.

मग १९८० मध्ये ‘मिस्ट्री हाउस’ने चित्रं आणली, १९९० च्या ‘मंकी आयलंड’ने विनोद आणला आणि १९९६ च्या ‘टूम रेडर’ने उड्या मारणारी, लढणारी नायिका आणली. कोडी आणि लढाई एकत्र आली, त्याला लोक अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर म्हणू लागले. आज पुरस्कारांमध्ये जो विभाग असतो तो बहुतेक ठिकाणी हाच.

पुरस्कार ठरतात कसे?

सगळ्यात जास्त चर्चा होते ती ‘द गेम अवॉर्ड्स’ची. कॅनडाच्या जेफ कीली या पत्रकाराने २०१४ मध्ये तो सुरू केला. कार्यक्रम अमेरिकेत संध्याकाळी होतो, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट.

पद्धत साधारण अशी आहे. जगभरातल्या शंभरहून जास्त प्रसारमाध्यमांची ज्युरी असते. प्रत्येक संस्था आपली पसंती पाठवते, त्यांची बेरीज करून नामांकनं ठरतात. मग अंतिम मतदान होतं. त्यात ज्युरीच्या मताला ९० टक्के वजन आणि तुमच्या-आमच्या ऑनलाइन मताला १० टक्के. म्हणजे कमेंटमध्ये कितीही राडा केला तरी निकालात आपला वाटा दहा टक्क्यांचाच. लोकांच्या मतांवर मोठी भिस्त असलेला पुरस्कार हवा असेल तर ब्रिटनचा ‘गोल्डन जॉयस्टिक’ आहे. तो १९८३ पासून चालू आहे.

‘लढाई असलेला हा गेम अ‍ॅडव्हेंचरमध्ये कसा?’ हा वाद दरवर्षी होतो. त्याचं उत्तर विभागाच्या व्याख्येत आहे. लढाईबरोबर भटकंती आणि कोडी असतील तर अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर. नुसती मारामारी मुख्य असेल तर तो जातो अ‍ॅक्शनमध्ये.

गेल्या सहा वर्षांत कोण जिंकलं?

‘द गेम अवॉर्ड्स’च्या अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर विभागातले विजेते असे:

- २०२०: द लास्ट ऑफ अस पार्ट टू
- २०२१: मेट्रॉइड ड्रेड
- २०२२: गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक
- २०२३: द लेजंड ऑफ झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम
- २०२४: अ‍ॅस्ट्रो बॉट
- २०२५: हॉलो नाइट: सिल्कसाँग

यादी नीट बघितली तर एक गंमत दिसते. २०२० आणि २०२२ चे विजेते म्हणजे रक्तपात, सूड आणि बाप-लेकाची घुसमट. हे मोठ्यांचे गेम आहेत. २०२४ चा ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ मात्र एका छोट्या रोबोचा, घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांसोबत खेळावा असा. त्याने त्या वर्षीचा ‘गेम ऑफ द इयर’ही मारला.

आणि ‘सिल्कसाँग’? तो बनवणारी टीम चेरी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची, मुख्य टीम तीन जणांची. त्यांचा पहिला गेम ‘हॉलो नाइट’ उभा राहिला तो २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी दिलेल्या पैशांतून. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुण्याच्या गोष्टीत किकस्टार्टर पुन्हा येणार आहे.

मग पुण्याची राजी तिथे पोचली कशी?

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांनी पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हा स्टुडिओ सुरू केला. आपल्याकडे तेव्हा गेम म्हटलं की मोबाइलवरचा फुकटचा गेम. पैसे मिळवायचे ते जाहिरातींतून. या मंडळींनी ठरवलं की आपण कन्सोल आणि पीसीसाठी पूर्ण लांबीचा, गोष्ट सांगणारा गेम करायचा. त्यासाठी लागणारा पैसा भारतात द्यायला फारसं कुणी तयार नव्हतं.

म्हणून २०१७ मध्ये ते किकस्टार्टरवर गेले. तिथला नियम कडक असतो. ठरवलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे मिळतात. थोडी जरी कमी पडली तरी हातात शून्य. राजीच्या बाबतीत तेच झालं. मोहीम फसली.

इथे बहुतेक प्रोजेक्ट संपतात. पण तोवर गेमचा खेळता येणारा नमुना तयार होता आणि तो बघणाऱ्यांना आवडत होता. पुढे परदेशी प्रकाशकाची साथ मिळाली आणि काम सुरू राहिलं. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या ‘इंडी वर्ल्ड’ या ऑनलाइन कार्यक्रमात राजी झळकली आणि त्याच दिवशी स्विचवर आली. ऑक्टोबरमध्ये ती पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही पोचली.

गोष्ट साधी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी अनाथ पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवून नेतात. दुर्गा राजीला त्रिशूळ देते आणि पोर निघते भावाच्या शोधात. दुर्गा आणि विष्णू वरून तिचा प्रवास बघत आपसात बोलतात आणि त्यातून आपल्याला कथा कळते. महाल आणि किल्ले राजस्थानी वळणाचे, रंगसंगती पहाडी चित्रशैलीची, आणि मधले कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेले. कोडी आहेत ती मंडलांची. चक्रं फिरवून चित्र जुळवलं की राजीच्या आठवणी उलगडतात.

नामांकन मिळालं ते ‘सर्वोत्तम पदार्पण’ या विभागात. समोर ‘कॅरियन’, ‘मॉर्टल शेल’, ‘रोकी’ आणि ‘फॅस्मोफोबिया’. ११ डिसेंबरच्या पहाटे निकाल आला तेव्हा पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ने नेला.

गेममध्ये उणिवा नव्हत्या असं नाही. लढाई काही ठिकाणी अडखळते, पाच-सहा तासांत सगळं आटोपतं आणि शेवट तर असा की ‘अरे, संपलं?’ असं तोंडातून निघतं. समीक्षकांनी हे सगळं लिहिलं. स्टुडिओने पुढे सुधारित आवृत्ती काढली, त्यात हिंदी आवाजही आले.

तरी या नामांकनाचं मोल कमी होत नाही. पहिला गेम करणाऱ्या छोट्या स्टुडिओकडे जाहिरातीचं बजेट नसतं. अशा यादीत एक ओळ लागली की जगभरचे खेळाडू, पत्रकार आणि प्रकाशक ते नाव शोधतात. मोठ्या कंपनीसाठी नामांकन म्हणजे शोभेची ट्रॉफी. छोट्यांसाठी तो पुढचा गेम करता येईल की नाही, याचा प्रश्न असतो.

आपला परिसर गेममध्ये अजून कुठे दिसतो?

गोव्यात बसून अरमान संधू हा डेव्हलपर ‘फ्रॉस्टवूड इंटरॅक्टिव्ह’ या नावाने गेम करतो. त्याचा ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) हा खुनाच्या तपासाचा गेम, तर ‘फॉरगॉटन फील्ड्स’ (२०२१) मध्ये लिहिणं अडलेला एक लेखक किनाऱ्याजवळच्या लहानपणीच्या घरी शेवटचं जाऊन येतो. तलवार नाही, राक्षस नाही, तरी अ‍ॅडव्हेंचरच. कारण शोध आहे.

आणि २०१७ चा ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’. अमेरिकेच्या नॉटी डॉगने या गेमची गोष्ट थेट आपल्या पश्चिम घाटात आणली. नायिका क्लोई फ्रेझर गणपतीचा दात शोधत होयसळांच्या अवशेषांमधून फिरते. खरे होयसळ कर्नाटकातले, बेलूर आणि हळेबीडचे. गेममध्ये वास्तू भलत्याच अवाढव्य आणि नकाशा सोयीने वाकवलेला. पण हिरवा घाट, धबधबे आणि दगडातली मंदिरं बघताना वाटतंच, की यांना कुणीतरी वेरूळ दाखवायला हवं होतं. डोंगर वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं ही तर कोणत्याही गेम डिझायनरची लॉटरी आहे.

घरचे म्हणतात, ‘गेमवर सरकारने बंदी घातलीय ना?’

हा गैरसमज हमखास ऐकू येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर, म्हणजे जिथे पैसे टाकायचे आणि जिंकून जास्त मिळतील अशी आशा धरायची. त्यांच्या जाहिराती आणि आर्थिक व्यवहारही बंद. ई-स्पोर्ट्सला मात्र याच कायद्याने मान्यता दिली.

राजी, झेल्डा किंवा सिल्कसाँग हे एकदा विकत घ्यायचे गेम आहेत. पुस्तक किंवा सिनेमाचं तिकीट घेतो तसे. त्यात हरलात तर तोच टप्पा पुन्हा खेळायचा, खिशातून काही जात नाही. गेमवर पैसे बुडवून कर्जात गेलेल्या पोरांच्या बातम्या वाचून आईवडील घाबरतात, ते चुकीचं नाही. फक्त दोन्हींना एकाच पोत्यात घालू नका.

यादी बघून गेम घ्यायचा असेल तर?

एक, वयाची खूण बघा. ‘लास्ट ऑफ अस’ आणि ‘गॉड ऑफ वॉर’ लहानांसाठी नाहीत.

दोन, आपलं मशीन बघा. झेल्डा आणि मेट्रॉइड फक्त निन्टेन्डोवर चालतात, अ‍ॅस्ट्रो बॉट प्लेस्टेशन ५ वर. सिल्कसाँग मात्र साध्या लॅपटॉपवरही धावतो. फक्त तो भयंकर अवघड आहे, आधीच सांगून ठेवतो.

तीन, घाई नको. पीसीवरचे गेम काही महिन्यांनी सेलमध्ये स्वस्त होतात. पुरस्काराची ट्रॉफी तोवर कुठे जात नाही.

आणि चार, विजेत्याच्या खाली असलेली नामांकनांची यादीही वाचा, विशेषतः पदार्पणाची. २०२० मध्ये ज्यांनी फक्त विजेते वाचले, त्यांना पुण्यात असा गेम बनलाय हे कळलंच नाही. पुढचं असं नाव कदाचित नाशिकचं असेल, कोल्हापूरचं असेल, नाहीतर आपल्याच टीव्ही सेंटर चौकातल्या एखाद्या खोलीतलं असेल. यादीत दिसलंच, तर कमेंटमध्ये भांडण्याआधी एकदा खेळून बघा.